पिल्लू रात्रभर रडतं, कडकडून चावतं, धड खात नाही: आधी त्याचे दात मोजा

कुत्र्याचं नवं पिल्लू घरी आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो. तक्रारी ठरलेल्या असतात. रात्रभर रडतं, कोणाला झोपू देत नाही. हातांवर नुसते ओरखडे आहेत. पातळ शी होतेय. मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेर बसून किंचाळतं. ताटलीजवळ गेलं की गुरगुरतं, एवढंसं तर आहे! आणि प्रत्येक तक्रारीवर वेगळा इलाज सुरूही झालेला असतो. चावण्यावर कडू स्प्रे, शीवर घरात पडलेलं कुठलं तरी औषध, रडण्यावर ‘बंद खोलीत ठेवा, दोन दिवसांत गप्प होईल’ हा शेजारच्यांचा सल्ला.

मी बरीच वर्षं बेवारस पिल्लं सांभाळते. काही आईसकट येतात, काही आईविना. दोन्ही तऱ्हेची पिल्लं हाताखालून गेल्यामुळे एक गोष्ट पक्की कळलीये: तक्रारी पाच दिसल्या तरी बऱ्याचदा दुखणं एकच असतं. पिल्लू आईपासून फार लवकर उचललेलं असतं. त्यामुळे इलाज सांगण्याआधी मी वय विचारते. उत्तर येतं, “दोन महिने.” मग मी म्हणते, “दात बघून सांगा.”

सांगितलेलं वय आणि खरं वय

देणाऱ्याने सांगितलेल्या वयावर जाऊ नका. तो खोटंच बोलतो असं नाही. पुष्कळदा त्यालाही कुत्री नेमकी कधी व्याली ते आठवत नसतं. पण ‘दोन महिने’ हे उत्तर इतकं सोयीचं आहे की ते सगळ्यांनाच पाठ असतं.

पिल्लू झोपून उठलं, जरा सुस्त असलं की मांडीवर घ्या आणि अंगठ्याने वरचा ओठ हळूच उचला. हिरडी गुळगुळीत लागली, एकही दात नाही, तर पिल्लू तीन आठवड्यांच्या आतलं आहे. पुढचे बारीक पटाशीचे दात आणि सुळ्यांची टोकं नुकती वर आलीत, तर साधारण तीन ते पाच आठवडे. सुळ्यांच्या मागच्या दाढा अजून अर्ध्यामुर्ध्या आहेत, तर चार ते सहा. दुधाचे सगळे २८ दात, म्हणजे वर १४ आणि खाली १४, आले असतील तर सहा-आठ आठवड्यांच्या घरात. अगदी लहान चणीच्या जातींना दात थोडे उशिरा येतात, तेवढी सूट ठेवा. वजनावरून मात्र काही ठरवू नका. थोराड जातीचं महिन्याचं पिल्लू छोट्या जातीच्या तीन महिन्यांच्या पिल्लाहून जड भरतं.

चालही बघा. तीन आठवड्यांचं पिल्लू पोट जमिनीला घासत डुगडुगत जातं. पाचव्या आठवड्यात ते धावतं, पण वळताना मागचा भाग वेगळ्याच दिशेला जातो. आठ आठवड्यांचं बऱ्यापैकी सावरलेलं असतं. शंका राहिली तर पशुवैद्याला दाखवा, दातांवरून तो दोन मिनिटांत अंदाज सांगेल.

आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. अनेक देशांच्या कायद्यात पिल्लू विकण्याची हीच किमान मर्यादा आहे. छोट्या जातींची पिल्लं दहा-बारा आठवडे आईजवळ राहिली तर आणखी चांगलं, असं पुष्कळ जाणकार सांगतात.

वय कमी निघालं आणि आई अजून आहे

मग सर्वांत चांगला इलाज फुकट आहे आणि तोच कोणाला नको असतो: पिल्लू परत नेऊन सोडा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आणा. ‘आणलं ते आणलं, आता परत काय न्यायचं’, ‘मुलं रडतील’, ‘त्याला आमची सवय झालीये’. ही कारणं मी इतकी ऐकलीयेत की आता वाद घालत नाही. पण चार-पाच दिवसच झाले असतील आणि भावंडं तिथेच असतील, तर आई बहुतेक वेळा त्याला हुंगून, चाटून परत घेते. तिचं दूध आटलं असलं तरी चालेल. या वयात दुधाइतकीच तिची संगतही हवी असते. पहिला अर्धा तास मात्र तिथे थांबा आणि ती त्याच्याशी कशी वागते ते बघा.

एकच अट. पिल्लाला उलट्या, जुलाब, ताप, सर्दी यांतलं काहीही असेल तर परत नेऊ नका. एक पिल्लू वाचवताना सगळं वेत आजारी पाडाल. आधी डॉक्टर.

आई मेली असेल, सापडतच नसेल किंवा पिल्लू रस्त्यावरच मिळालं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी जिवावरचं बघा

वागण्याच्या तक्रारी आठवडाभर थांबू शकतात. खालच्या गोष्टी थांबू शकत नाहीत.

तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचं तापमान ३५-३६ अंश सेल्सिअस असतं, मोठ्या कुत्र्याच्या ३८-३९ पेक्षा बरंच कमी, आणि तेवढंही आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात राहिल्यामुळेच टिकतं. म्हणून गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. आधी हळूहळू ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही, ते तसंच पडून राहतं. पाजताना पिल्लू पोटावर पालथं असू द्या, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि दर वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याची शी-शूची जागा हलकेच पुसत राहा. या वयात पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. हे ठाऊक नसल्याने पोट फुगून दगावलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लात, त्यातही छोट्या चणीच्या, भीती असते ती रक्तातली साखर घसरण्याची. नवं घर, ताण, दोन वेळचं खाणं चुकलं, की पिल्लू एकाएकी ढेपाळतं. पाय लटपटतात, डोळे कुठेतरी लागतात, अंग थरथरतं, कधी झटके येतात. मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात काहीही ओतू नका, शुद्ध हरपलेलं पिल्लू गिळत नाही. अंगाला ऊब द्या आणि तसंच उचलून दवाखान्यात पळा. पाक लावल्यावर ते उठून बसलं तरी जा, कारण साखर पुन्हा घसरते.

तिसरं म्हणजे पार्व्हो, विषाणूमुळे होणारा पोटाचा जीवघेणा आजार. उलट्या, घाण वासाचे किंवा रक्त पडणारे जुलाब, खाणंपिणं बंद, कोपऱ्यात मुटकुळं. यातलं दिसलं तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नका. इथे तासांवर हिशेब असतो.

लवकर आणलेलीच पिल्लं यात जास्त का सापडतात, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जन्मानंतर साधारण पहिल्या दिवसभरात प्यायलेल्या चिकातून पिल्लाला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. ती उसनी असते. सहाव्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ती विरत जाते, आणि कोणाची कधी संपेल ते बाहेरून दिसत नाही. गंमत अशी की ती शिल्लक असेपर्यंत लसीलाही ती कामच करू देत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस देतात. एक डोस दिला आणि काम झालं असं नसतं. या अधल्यामधल्या काळातच पिल्लाची ऊब, झोप आणि खाणं एकदम बदललं, तर ताणाने ते आणखी खचतं. दक्षिण आफ्रिकेत जर्मन शेफर्ड पिल्लांवर झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांना आईपासून वेगळी केलेली पिल्लं बारा आठवडे आईजवळ राहिलेल्यांपेक्षा कमी खात होती, वजनात मागे पडली, जास्त आजारी पडली आणि जास्त मेली. हीच सहा आठवड्यांची पिल्लं आपण ‘किती गोड, हातात मावतं’ म्हणून उचलून आणतो.

खात नाही, शी पातळ

पहिला प्रश्न: तिथे काय खात होतं? तेच आणा, निदान आठवडाभर तेच द्या, आणि बदलायचं असेल तर रोज थोडं थोडं मिसळत बदला. पहिल्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाने प्रेमाने एकेक घास भरवलेला असतो आणि मग शी पातळ का, म्हणून मला विचारतात.

गाईचं दूध बंद करा. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात आणि दुधातली साखर कमी असते. म्हणजे गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, पोषण निम्मं होतं आणि वर जुलाब लागतात. पिल्लू चार आठवड्यांच्या आतलं असेल तर पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणा आणि डब्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवा. चार आठवड्यांच्या पुढे पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, बोटाने सहज चिरडेल इतकं मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. खाणं कोमट असेल तर त्याचा वास येतो, आणि रुसलेलं पिल्लू वासाने खायला येतं. भांड्याकडे फिरकतच नसेल तर पहिले दोन घास तळहातावर ठेवून बघा.

जंतांचं औषध दिलंय का विचारा. ‘आईला दिलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. गोल जंत गर्भातच आईकडून पिल्लात येतात, दुधातूनही येतात. म्हणून औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांपर्यंत देतात. अंग काड्यांसारखं आणि पोट नगाऱ्यासारखं दिसलं, की बहुतेक जंतच. मात्रा वजनावर असते, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. स्वयंपाकघरातला छोटा काटा चालतो. वर टोपली ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. या वयात वजन रोज वाढलं पाहिजे. एक दिवस जागेवर राहिलं तर लक्ष ठेवा, दोन दिवस घटलं तर डॉक्टर. पिल्लू उड्या मारत असतानाही वजन घसरायला लागलेलं असू शकतं, आणि वहीत ते एक-दोन दिवस आधी कळतं.

रात्रीचं रडणं

हा हट्ट नाही. आत्तापर्यंतच्या सगळ्या आयुष्यात ते एकदाही एकटं झोपलेलं नाही. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू एकटं पडून ओरडतं, कारण ओरडलं की आई येते. एवढाच त्याचा अनुभव आहे. बंद खोलीत ठेवलेलं पिल्लू दोन दिवसांत गप्प होतं हे खरं, पण ओरडून कोणी येत नाही एवढंच ते त्यात शिकलेलं असतं. पुढे महिन्याभराने ‘हे एकटं राहतच नाही हो’ असा फोन येतो तो अशाच घरांतून.

खोकं किंवा पिंजरा तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला की पोचेल इतका जवळ. आत कापडात गुंडाळलेली गरम बाटली, आणि शक्य झालं तर आईच्या अंथरुणाचा मळका तुकडा. धुऊ नका, त्याच्या वासासाठीच तर तो आणायचा. पिल्लू आणायला जायच्या दोन दिवस आधीच एक जुनं फडकं आईच्या जागेत ठेवायला सांगितलं तर उत्तम. व्यालेली कुत्री स्तनांमधल्या भागातून एक गंधद्रव्य सोडते, त्याने पिल्लं शांत होतात. त्याची कृत्रिम नक्कल असलेले डिफ्यूझर (खोलीत गंध सोडणारी छोटी उपकरणं) आणि गळ्यातले पट्टे बाजारात असतात. काही पिल्लांना उपयोग होतो, काहींना नाही. मी आधी फडकं आणते.

रडलं की हात खाली सोडा, बोलू नका, खेळू नका. थांबलं नाही तर शू लागली असेल. बाहेर न्या, करून घ्या, परत ठेवा. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू रात्रीतून दोन-तीनदा उठणारच. पलंग आणि खोकं यातलं अंतर नंतर रोज वीतभर वाढवत न्या.

चावणं

सर्वांत जास्त फोन याचेच, आणि आईजवळ जे शिकायचं राहून गेलं ते इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

एकदा माझ्याकडे सहा पिल्लांसकट एक कुत्री होती. पिल्लं सहा आठवड्यांची होत आली होती. त्यातला एक काळा बोका, म्हणजे होता कुत्राच पण बोक्यासारखा, सगळ्यांना तुडवत पुढे जायचा. सुयांसारखे दात लावून लुचायला लागला की आई सरळ उठून उभी राहायची. सहाच्या सहा पिल्लं टपाटप खाली. कोणाच्या दातांमुळे जेवण गेलं ते बाकीच्यांना कळत नसेल, पण त्याला दोन दिवसांत कळलं. मग त्याने आईच्या कानाला लोंबकळून बघितलं. तिने घशातल्या घशात एकदा गुरगुर केली. याने सोडलं नाही. तशी तिने त्याचं अख्खं थोबाड आपल्या तोंडात घेतलं, दात न लावता, क्षणभरच. तो असा किंचाळला की मी धावत आले. त्याला काही झालेलं नव्हतं. उताणा पडून होता, आणि ती त्याचं पोट चाटत होती.

बहिणींकडून त्याहून जास्त शिकला. एकीची मांडी त्याने जोरात धरली, ती केकाटली आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसली. हा मध्येच उभा, शेपूट हलवत, खेळायला कोणी नाही. मग हळूहळू गेला, पुन्हा तोंड लावलं, पण या वेळी हलकं. ती बाहेर आली. जबडा किती दाबला म्हणजे खेळ मोडतो, याचा असा पाठ दिवसभरात किती वेळा होतो याची मोजदाद नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात हा वर्ग जोरात चालू असतो. पाचव्या आठवड्यात घरी आणलेल्या पिल्लाने तो वर्ग बुडवलेला आहे. ते दुष्ट नाही, त्याला चावण्याचं माप माहीत नाही.

आता तुम्ही काय करायचं? आईची नक्कल करू नका. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी, उताणं पाडून धरून ठेवणं, हे सगळं सोडा. तिच्याकडे अचूक वेळ असते आणि दात कुठे थांबवायचे ते कळतं. आपल्याकडे यातलं काही नाही. आपल्या हाताने पिल्लू फक्त हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं मोठेपणी खरं चावतं. तुम्ही बहिणीची नक्कल करा. दात टोचले की हात जागच्या जागी थांबवा. झटक्याने ओढलात तर हात पळणारं सावज होतो. मग उठा, पाठ फिरवा, मधल्या आडोशापलीकडे जा. दहा-वीस सेकंद. परत या, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. पुन्हा चावलं, पुन्हा जा. पहिल्या दिवशी तुम्ही वीस वेळा उठाल. ‘आई गं!’ असं ओरडून बघायला हरकत नाही. काही पिल्लं दचकून थांबतात. पण काहींना त्याने आणखी चेव येतो. तुमच्या पिल्लाला चेव येत असेल तर मुकाट्याने उठा.

घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकाने हाताशी कुस्ती खेळायची आणि दुसऱ्याने उठून जायचं, यात पिल्लाने शिकायचं काय? खेळायला दोरी, चावायला रबरी खेळणं कायम हाताशी ठेवा.

आणि घड्याळ बघा. ‘संध्याकाळी अंगात येतं’ अशी तक्रार असेल तर ते पिल्लू बहुतेक झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते, आणि भरल्या घरात ती मिळत नाही. तासभर जागं राहिलं की शांत कोपऱ्यात नेऊन झोपवा. निम्मं चावणं इथेच कमी झालेलं मी पाहिलंय.

ओळखीत एखादा सगळ्या लसी झालेला, पिल्लांशी नीट वागणारा मोठा कुत्रा असेल तर त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. मात्र ‘आमचा फार गरीब आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पिल्लांशी तो आधी कधी खेळलाय का ते विचारा. चांगला मोठा कुत्रा गुरगुरेल, मान वळवेल, उठून जाईल. तुम्ही मध्ये पडू नका.

चादर लुचणं

लवकर दूध तुटलेली काही पिल्लं चादर, उशीचा कोपरा, स्वतःचं पोट, नाहीतर तुमच्या कानाची पाळी लुचतात, पुढचे पाय आलटून पालटून दाबत. माझ्याकडच्या एकीने माझ्या स्वेटरची बाही पसंत केली होती. ती आता चार वर्षांची आहे आणि ढग गडगडले की अजून बाही शोधते. कापड गिळत नसेल, कातडी लाल होत नसेल आणि हाक मारल्यावर थांबत असेल तर करू द्या. धागे गिळत असेल तर मात्र कापड काढून घ्या, आतड्यात अडकतात.

ताटलीवरचं गुरगुरणं

सहा पिल्लांत एकच भांडं असेल, किंवा कमी वयात खाण्यासाठी झगडावं लागलं असेल, तर हे येतं. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून ताटली काढून घेणारे लोक गुरगुरणं पक्कं करून ठेवतात, कारण पिल्लाची शंका खरी ठरते: माणूस आला की खाणं जातं. उलट करा. ते खात असताना लांबून जाता जाता ताटलीत त्याहून चविष्ट एक तुकडा टाका आणि चालू लागा. थांबू नका, हात लावू नका. आठवडाभरात तुम्ही येताना दिसलात की ते मान वर करून वाट बघायला लागतं. तोंडात काही धरलं असेल तर ओढू नका, बदल्यात काहीतरी द्या.

घरभर शू

पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासून झोपायच्या जागेपासून लांब सरकून शू करायला लागतात, आणि पाचव्या ते आठव्या-नवव्या आठवड्यात पायाखाली काय लागलं म्हणजे करायचं ते ठरत जातं. अरुंद पिंजऱ्यात वाढलेल्याला लांब सरकायला जागाच मिळालेली नसते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याच जागी न्या, केल्यावर तिथल्या तिथे बक्षीस द्या. घरात केली तर मुकाट्याने पुसा. नाक घासल्याने ते फक्त तुमच्यासमोर शू करायचं बंद करतं आणि सोफ्यामागे करतं.

‘लहान आणलं की लळा जास्त लागतो’

पाच आठवड्यांची पिल्लं उचलली जातात ती याच समजुतीपायी, म्हणून हे लिहायलाच हवं. पिल्लाच्या सामाजिक वाढीचा मोलाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. अमेरिकेत बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे मांडलं. त्यातला पहिला तुकडा कुत्रा म्हणून घडण्याचा, पुढचा माणसांत मिसळण्याचा. आठव्या आठवड्यात आणलं तरी लळा लागायला महिना-दीड महिना हातात असतोच. पाचव्यात आणलं तर लळ्यात काही भर पडत नाही, कुत्र्यांकडून शिकायचं ते मात्र बुडतं.

२०११ साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात एक तुलना आली होती. ३० ते ४० दिवसांत आई-भावंडांपासून तोडलेले ७० कुत्रे आणि दोन महिन्यांनी वेगळे केलेले ७०. मोठेपणी काय दिसतं ते मालकांना विचारलं. फिरताना घाबरणं, आवाजाला बिचकणं, जास्त भुंकणं, वस्तू फाडणं, खेळणी आणि खाणं राखत बसणं, सतत लक्ष मागणं; पहिल्या गटात हे सगळं जास्त होतं. मालकांच्या सांगण्यावर आधारलेला अभ्यास आहे, तेवढं धरून वाचा. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

याचा अर्थ जितकं उशिरा तितकं चांगलं असाही नाही. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा स्पर्शही न झालेली पिल्लं जवळजवळ रानटी निघाली. गोदामात, अंधारात, माणसाशिवाय बारा आठवडे आईजवळ राहिलेलं पिल्लू तुमच्या पाच आठवड्यांच्या पिल्लापेक्षा सोपं असेलच असं नाही.

म्हणून लवकर आणलेलं पिल्लू घरात कोंडून ठेवू नका. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन बाहेर काढा. गाड्यांचा आवाज, छत्र्या, टोप्या, लहान मुलं, म्हातारी माणसं, कुकरची शिट्टी. दुरून, थोडा वेळ, आणि बरोबर खाऊ. आठ ते दहा आठवड्यांच्या आसपास पिल्लं सहज दचकतात; त्या दिवसांत काही जोरात आपटलं, कोणी अंगावर ओरडलं तर ते मनात राहू शकतं. घाबरलं तर ओढून पुढे नेऊ नका, चार पावलं मागे या. एकटं राहण्याचा सरावही आतापासूनच: शेजारच्या खोलीत अर्धं मिनिट, परत. मग एक मिनिट. रडायच्या आत परत या, रडल्यावर नाही.

कधी थांबू नये

चावणं साधारण तीन-चार आठवड्यांत हलकं व्हायला लागतं. आईविना वाढलेल्यांना जास्त वेळ लागतो, पण उतार दिसला पाहिजे. चार-पाच महिन्यांचं होऊन, पक्के दात यायला लागले तरी रक्त काढत असेल, अंग ताठ करून, टक लावून गुरगुरत असेल, घरच्या माणसांनाही लपून बसण्याइतकं घाबरत असेल, तर घरगुती उपाय पुरे करा आणि वागणुकीतलं कळणाऱ्या पशुवैद्याकडे जा. काही कुत्र्यांना औषधांची मदत लागते, त्यात कमीपणा नाही. काही गोष्टी पूर्ण जाणार नाहीत, फक्त सांभाळण्याजोग्या होतील, हेही तो सांगेल.

जाताना वजनाची वही न्या. आणि मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं की तेच पिल्लू शेपूट पायांत घालून मेणासारखं मऊ होतं आणि डॉक्टर तुमच्याकडे बघायला लागतात.